तो शब्द कोण उच्चारतं, ते ऐक

चित्रपट रसास्वादाच्या शिबिराला येऊन गेलेल्या एका मुलीने विचारलं आहे : "मॅडम, पडद्यावर ज्यू कुटुंब दिसलं की पुढे आगगाडी आणि छळछावणी येणार, हे आता आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. त्याआधी सिनेमात ज्यू नव्हतेच का? नंतर काय झालं? आणि आपल्या मुंबईत इतके ज्यू नट-नट्या होत्या, त्यांचं काय?"

वैताग रास्त आहे. आपल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक ऑस्करवाले चित्रपट. ते बघून बघून ज्यू माणूस पडद्यावर येतो तो मरायलाच, असा समज होऊन बसतो. मी पंचवीसेक वर्षं हे चित्रपट दाखवते आहे. या विषयात पुस्तकांपेक्षा एक साधी युक्ती मला जास्त उपयोगी पडली. ज्यू किती दिसतात ते मोजत बसू नकोस. 'ज्यू' हा शब्द कोण उच्चारतं, कोण गिळून टाकतं आणि कुठे तो नुसता लिहिलेला दिसतो, तेवढं ऐकत जा.

सुरुवात मी नेहमी १९३७च्या 'द लाइफ ऑफ एमिल झोला'पासून करते. विषय ड्रायफस प्रकरण. आल्फ्रेड ड्रायफस हा फ्रेंच सैन्यातला ज्यू कॅप्टन. १८९४ मध्ये त्याच्यावर हेरगिरीचा खोटा आळ घेतला गेला, तो ज्यू होता म्हणून सगळ्यांना पटला, आणि लेखक झोला त्याच्या बाजूने सरकारशी भांडला. या प्रकरणातून ज्यूद्वेष काढला तर मागे काहीच उरत नाही. तरीही अख्ख्या चित्रपटात 'ज्यू' हा शब्द एकदाही ऐकू येत नाही. हेर कोण हे शोधायला बसलेले अधिकारी नावांची यादी चाळत असतात. ड्रायफसच्या नोंदीवर बोट फिरतं, तिथे धर्माच्या रकान्यात तो शब्द छापलेला असतो. पापणी लवेपर्यंत दिसतो आणि जातो. हाच आपला माणूस, असं अधिकाऱ्यांचं ठरून जातं. हे दृश्य मी दोनदा लावते, कारण पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाच्या ते लक्षातच येत नाही.

आता हा चित्रपट काढला कोणी? वॉर्नर बंधूंनी. पोलंडहून आलेल्या ज्यू चांभाराची मुलं. झोलाचं काम केलं पॉल म्युनीने, म्हणजे यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीवर वाढलेल्या म्युनी वायझेनफ्रॉइंडने. हॉलिवूडचे बहुतेक मोठे स्टुडिओ असेच उभे राहिले : झुकोर हंगेरीचे, लेमले जर्मनीचे, मेयर रशियन साम्राज्यातून आलेले. या मेयरसाहेबांनी तर आपला वाढदिवस ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, असा लावून घेतला होता. नटांचंही तेच. इमॅन्युएल गोल्डनबर्गचा एडवर्ड जी. रॉबिन्सन झाला, इसुर डॅनिएलोविचचा कर्क डग्लस झाला, बर्नार्ड श्वार्त्झचा टोनी कर्टिस झाला. आडनावावरून गाव आणि जात ताडणाऱ्या आपल्या लोकांना याची फोड करून सांगायला नको.

ही गप्प बसण्याची रीत जर्मनीतल्या धंद्यापायी, असं पुष्कळदा लिहिलं जातं. त्यात तथ्य आहे. लॉस एंजेलिसमधला जर्मन सरकारचा वाणिज्यदूत गेओर्ग गीसलिंग स्टुडिओंना दमात घेत असे, आणि सेन्सॉरच्या कचेरीलाही वाद नको असे. पण वॉर्नर बंधूंनी १९३४ मध्येच जर्मनीतला कारभार गुंडाळला होता. तेव्हा नुसत्या गल्ल्याच्या हिशेबाने 'झोला'चं कोडं सुटत नाही. भीती घरातलीच होती. शेजारचा अमेरिकन माणूस म्हणेल, हे लोक सिनेमा स्वतःच्या जमातीसाठी वापरतात. आलेल्या देशात विरघळून जायचं असेल तर आपली गोष्ट आपणच कशाला सांगा?

गंमत अशी की दहाच वर्षांपूर्वी हेच बंधू मोकळेपणाने बोलत होते. १९२७चा 'द जॅझ सिंगर' हा पहिला बोलपट म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची गोष्ट एका ज्यू घरातली आहे हे फार कमी जणांना ठाऊक असतं. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे, ज्यांना आपल्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, हझान म्हणतात. मुलाला, जेकी राबिनोविट्झला, जॅझ गायचं आहे. तो घर सोडतो आणि जॅक रॉबिन होतो. बऱ्याच वर्षांनी घरी येऊन तो पियानोवर आईला गाणं ऐकवतो, मध्येच तिच्याशी लाडाने बडबडतो, आणि मुका सिनेमा आपल्या डोळ्यांदेखत बोलायला लागतो. एवढ्यात वडील दारात येतात, 'थांबा!' म्हणतात, आणि आवाज खरोखरच जातो. चित्रपट पुन्हा मुका होतो. बापाच्या एका शब्दाने नवं तंत्र बंद पडावं, याहून नेमकं दृश्य या संघर्षाला मिळालं नसतं. शेवटी मुलगा योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या रात्री वडिलांच्या जागी उभा राहून 'कोल निद्रे' ही प्रार्थना गातो, आणि त्यानंतर रंगमंचावर तोंडाला काळं फासून, कृष्णवर्णीयाचं सोंग घेऊन, जॅझही गातो. ते काळं फासणं आज बघवत नाही. पण एक अल्पसंख्य माणूस दुसऱ्या अल्पसंख्याचा मुखवटा चढवून 'अमेरिकन' होतो, हेही त्याच चित्रपटात नोंदलं गेलं आहे.

'झोला'च्याच वर्षी पोलंडमध्ये 'दिबुक' आला. भाषा यिद्दिश, पडद्यावरचे सगळे ज्यू, समोर बसलेलेही ज्यू. तिथे कोणी कोणाला आपण कोण आहोत हे सांगण्याचा प्रश्नच येत नाही. लग्न, भूतबाधा, दफनभूमी, गुरूचा दरबार, सगळं घरातल्यासारखं. त्याचा दिग्दर्शक मिखाउ वाशिन्स्की स्वतः ज्यू घरात जन्मला, पुढे कॅथलिक झाला आणि युद्धानंतर इटलीत पोलिश सरदार म्हणून मिरवला. चित्रपटाहून त्याचं आयुष्यच जास्त चमत्कारिक. त्या वेळी पोलंडमध्ये तीस लाखांहून जास्त ज्यू होते. पाच-सहा वर्षांत 'दिबुक'चा प्रेक्षकच मारला गेला. तुझ्या 'आधी काय होतं?' या प्रश्नाचं सर्वांत खरं उत्तर यिद्दिश सिनेमात आहे आणि तोच आपण सर्वांत कमी बघतो.

पुढचं साल १९४०, आणि इथे जरा थांबायला हवं. जर्मनीत त्या वर्षी हा शब्द थेट शीर्षकांत होता : फाइट हार्लानचा 'युड स्यूस' आणि 'चिरंतन ज्यू' अशा अर्थाच्या नावाचा प्रचारपट. पहिला तर चांगला बांधलेला, पोशाखी, भरपूर गर्दी खेचणारा चित्रपट होता. एसएस या नाझी दलाने आणि पोलिसांनी तो पाहावा असा त्यांचा प्रमुख हिम्लर याचा हुकूम होता. वाईट हेतूने काढलेले चित्रपट वाईटच बनतात असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. म्हणजे ज्यांना द्वेष करायचा होता ते शब्द ओरडत होते आणि ज्यांचा तो शब्द होता ते हॉलिवूडमध्ये तो गिळत होते.

ही कोंडी फोडली चॅप्लिनने. तो ज्यू नव्हता आणि 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये पैसा त्याचा स्वतःचा होता. त्यातला ज्यू न्हावी पहिल्या महायुद्धात स्मृती गमावतो, वर्षानुवर्षं इस्पितळात राहतो आणि एक दिवस आपल्या दुकानी परततो. मधल्या काळात काय काय घडलं याचा त्याला पत्ता नाही. दुकानाच्या काचेवर शिपायांनी मोठ्या अक्षरांत 'ज्यू' असं रंगवलेलं असतं. तो फडकं घेतो आणि पुसायला लागतो. कोणी काच घाण केली तर दुकानदार पुसणारच! शिपाई अवाक होतात, कारण इतक्या सहजपणे तो शब्द पुसणारा माणूस त्यांना भेटलेलाच नाही. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं की या माणसाला काय पुसायला मनाई आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक नाही. पुढे चॅप्लिनने लिहिलं की छावण्यांमधला खरा प्रकार कळला असता तर आपण हा चित्रपट करू शकलो नसतो.

दोन वर्षांनी अर्न्स्ट लुबिचच्या 'टू बी ऑर नॉट टू बी'मध्ये वॉर्साच्या नाटक कंपनीतला एक दुय्यम नट शायलॉकचं, म्हणजे 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या ज्यू सावकाराचं, भाषण म्हणतो. शेक्सपिअरच्या ओळीतला ज्यू हा शब्द तेवढा त्यातून काढलेला आहे. 'आम्हाला डोळे नाहीत का?' असं तो म्हणतो. 'आम्ही' म्हणजे कोण, ते ज्याने त्याने भरून घ्यायचं. हा भित्रेपणा की कारागिरी, यावर आमच्या शिबिरात दर वर्षी भांडण होतं. मी कारागिरीच्या बाजूने असते.

युद्धानंतर शब्द खुला झाला, पण तो उच्चारायला माणूस नेमला तो ग्रेगरी पेक. १९४७च्या 'जंटलमन्स अॅग्रीमेंट'मध्ये एक ख्रिश्चन पत्रकार आठ आठवडे आपण ज्यू आहोत असं सांगत फिरतो आणि लोकांची तोंडं कशी बदलतात ते लिहितो. हेतू चांगला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण ज्यू असणं म्हणजे नुसतं एक लेबल, लावलं की हॉटेलात खोली मिळत नाही, काढलं की मिळते, एवढंच त्यातून हाती लागतं. सण नाही, भाषा नाही, स्वयंपाकघर नाही. मला त्यातलं एकच पात्र खरं वाटतं, पत्रकाराची सेक्रेटरी. खऱ्या ज्यू आडनावाने अर्ज केला तेव्हा तिला याच मासिकाने नकार कळवला, आणि आडनाव बदलून केला तेव्हा नोकरी दिली. ती हे सांगते तेव्हा आपल्याला तिची कणव येते. आणि लगेच तीच काळजी करते की आता 'तसल्या' ज्यू मुली इथे भरती झाल्या तर आपलं कसं होणार. या दोन मिनिटांत पेकच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त आहे.

छळछावण्यांवरचे सुरुवातीचे चित्रपटही शब्दाच्या बाबतीत हात आखडतेच होते. आलँ रेनेचा 'नाइट अँड फॉग' (१९५५) बत्तीस मिनिटांचा आहे. त्याच्या निवेदनात ज्यू हा शब्द एकदाच येतो, तोही अॅमस्टरडॅमच्या एका विद्यार्थ्याचं वर्णन म्हणून. बाकी सगळे 'कैदी'. १९५९च्या 'द डायरी ऑफ अॅन फ्रँक'मध्ये तर अॅन म्हणते की हे दुःख आपल्याच वाट्याला आलेलं नाही, कधी एका वंशावर पाळी येते तर कधी दुसऱ्या. हे वाक्य, चित्रपट ज्या नाटकावरून काढला, त्याच्या नाटककारांचं. खऱ्या डायरीत ती ११ एप्रिल १९४४ला नेमकं उलटं विचारते, की आम्हा ज्यूंनाच इतरांपासून वेगळं कोणी केलं. जगभरच्या प्रेक्षकाला आपलंसं वाटावं म्हणून तिचा प्रश्न काढून टाकला. त्या चित्रपटात तिच्या वडिलांचं काम केलं आहे जोसेफ शिल्डक्राउटने. हाच 'झोला'मधला ड्रायफस.

यानंतर वारं फिरलं ते बार्बरा स्ट्रायसँड, डस्टिन हॉफमन या पिढीपासून. नाव आणि नाक, दोन्ही बदलायला नकार. १९७७च्या 'अॅनी हॉल'मध्ये वुडी अॅलनचं पात्र रस्त्याने चालताना तक्रार करतं की एक जण 'डिड यू ईट?' न म्हणता 'ज्यू ईट?' असं म्हणाला. जिथे शब्द नाही तिथेही तो ऐकू येतो! चाळीस वर्षं सिनेमाने दाबलेला शब्द अखेर कानात बसला, त्याचं हे चित्र.

पण माझा जीव आहे तो १९७५च्या 'हेस्टर स्ट्रीट'वर. जोन मिकलिन सिल्व्हरचा हा पहिला चित्रपट, कृष्णधवल, बराचसा यिद्दिशमध्ये. स्टुडिओ पैसे देईनात, तेव्हा नवऱ्याने भांडवल जमवलं आणि साधारण पावणेचार लाख डॉलर्समध्ये काम भागवलं. साल १८९६. न्यूयॉर्कला आधी येऊन 'जेक' झालेला नवरा, आणि मागून मुलासह आलेली गिट्ल. धार्मिक रीतीप्रमाणे लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे, म्हणून तिच्या डोक्यावर टोप. नवऱ्याला तिची लाज वाटते. मुलाचा योसेल तो 'जोई' करतो आणि त्याच्या कानांजवळच्या बटा कापून टाकतो. पुढे त्याला दुसरीशी लग्न करायचं असतं, म्हणून घटस्फोट हवा. धर्माप्रमाणे त्याला 'गेट' म्हणतात. वकील गिट्लपुढे रक्कम ठेवतो. ती गप्प. तो आकडा वाढवतो. ती गप्पच. मंडईत घासाघीस करणाऱ्या कुठल्याही बाईला हा डाव ओळखू येईल. आकडा ३०० डॉलर्सवर येतो तेव्हा आपल्याला कळतं की या घरात अमेरिका खरी कोणाला समजली.

हा चित्रपट आम्ही एकदा लावला तेव्हा आलेल्या प्रतीत यिद्दिश संवादांना सबटायटलच नव्हती. मी घामाघूम झाले, पण कोणी उठलं नाही. गेटचा प्रसंग तर सगळ्यांना शब्द न कळताही कळला.

'शोआ' (१९८५) आणि 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) यांवर इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच सांगते : आधी पहिला बघ. क्लोद लांझमानच्या या साडेनऊ तासांच्या माहितीपटात जुनं फुटेज अजिबात नाही, फक्त आज बोलणारी माणसं आणि आज गवत उगवलेल्या जागा. ट्रेब्लिंकाच्या छावणीतून वाचलेला न्हावी एका दुकानात कात्री चालवत बोलत राहतो आणि एका क्षणी बोलूच शकत नाही. कात्री थांबत नाही. स्पीलबर्गच्या चित्रपटात कौशल्य अफाट आहे, पण गोष्टीचा नायक वाचवणारा जर्मन आहे, आणि वाचणारे बहुतेक वेळ यादीतली नावं राहतात. हंगेरीच्या 'सन ऑफ सॉल'ने (२०१५) ही चूक उलटी फिरवली : कॅमेरा एका कैद्याच्या खांद्यामागून हलतच नाही आणि सगळा नरक धूसर राहतो.

'नंतर काय?' याचं उत्तर म्हणून कोएन बंधूंचा 'अ सीरियस मॅन' (२००९) घे. १९६७चं मिनेसोटा. छावणी नाही, आगगाडी नाही. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक लॅरी, त्याची बायको 'मला गेट हवा' म्हणते, आणि लॅरी विचारतो, 'काय हवा?' १८९६च्या गिट्लला जो शब्द पाठ होता तो सत्तर वर्षांनी एका शिकलेल्या ज्यूला समजावून सांगावा लागतो. एका शब्दात तीन पिढ्या. बाहेरच्या प्रेक्षकासाठी कोणी थांबत नाही. कळलं तर कळलं.

आता मुंबई. इथे हॉलिवूडची गोष्ट उलटी झाली.  'चांगल्या घरच्या' बायका सिनेमात येत नव्हत्या, ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली आल्या. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही सुलोचना झाली, १९२८च्या मूकपटात आणि पुन्हा १९३५च्या बोलपटात अनारकली झाली, आणि १९५३च्या 'अनारकली'त सलीमची आई. फ्लॉरेन्स इझिकेल ही नादिरा झाली. या दोघी बगदादी ज्यू घरांतल्या. कॅम्पातलं जे सिनेगॉग पुणेकर 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात, ते ससून या बगदादी ज्यू घराण्यानेच बांधलेलं. नट डेव्हिड मात्र आपल्या कोकणातला, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, बेने इस्रायल. आडनावातच चौल आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात 'शनवार तेली' म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे हे लोक.

आणि हिंदी पडद्यावर ज्यू कोण? बिमल रॉय यांचा 'यहुदी', १९५८. आगा हश्र काश्मिरी यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेला. रोमन राजपुत्र दिलीपकुमार, नायिका मीनाकुमारी, आणि म्हातारा यहुदी एझ्रा म्हणजे सोहराब मोदी, जे पारशी. शब्द शीर्षकात आहे, संवादांत दणदणीत आहे, आणि पडद्यावरचा यहुदी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये राहतो. त्याच दशकात 'बूट पॉलिश'मध्ये (१९५४) पोरांना भीक न मागता कष्ट करायला शिकवणारा जॉन चाचा ख्रिस्ती आहे, आणि तो केला आहे डेव्हिड चेऊलकरने. नादिराला 'ज्यूली'साठी (१९७५) फिल्मफेअर मिळालं तेही ख्रिस्ती आईच्या भूमिकेसाठी. इथे कोणी शब्द दाबला नाही. शेजारच्या आळीतला माणूस ज्यू आहे, हे गोष्टीत घ्यावं असं कोणाला सुचलंच नाही. अलिबागेत इस्रायल आळी आहे. नवस फेडताना पोहे, ओलं खोबरं आणि फळांच्या मलिद्याचं ताट भरतं, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेतलं जातं. मराठी चित्रपटात हे ताट माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

बघायचा क्रम विचारशील, तर 'हेस्टर स्ट्रीट', मग 'द ग्रेट डिक्टेटर', मग 'दिबुक', मग 'अ सीरियस मॅन'. 'झोला' सबंध नाही पाहिलास तरी चालेल, यादीवरचं बोट मात्र बघ. 'शोआ' चार रविवारांत विभागून घे. आणि 'हेस्टर स्ट्रीट' लावण्याआधी यिद्दिश संवादांना सबटायटल आहेत ना, तेवढं तपासून घे.